वैदिणीचं तेल

दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून मथुराचं सगळं अंग ठणकायचं, आणि रात्री गुडघे डोळ्याला डोळा लागू देत नव्हते. दवाखान्यात म्हणाले, कुठं सूज नाही, काही नाही. नवरा श्रीपती सोसायटीचा संचालक; तिथल्या खुर्चीत बसून बसून त्याचेही पाय भरून यायचे. जेवण झालं की ते भेगाळलेले, घामट वासाचे पाय तो तिच्या मांडीवर टाकायचा आणि घोरायला लागेपर्यंत दाबून घ्यायचा. मथुरा तोंड फिरवून दाबत राहायची.

शेवटी तिनं बाजारातल्या वैदिणीकडून घोरपडीच्या चरबीचं तेल आणलं. बूच काढलं की मेलेल्या उंदरासारखा वास घरभर सुटायचा.

"शी! असल्या हातानं मला शिवू नगंस," श्रीपती नाक दाबून ओरडला. "जा, झोप तिकडं!"

आठ दिवसांत मथुराचा चेहरा उजळला. शेजारची बनाबाई म्हणाली, "झोप लागाया लागली वाटतं. लई गुणाचं दिसतंय तेल. गुडघ्याला किती लावतीस गं?"



"गुडघ्याला? असली घाण गुडघ्याला कोण लावंल, बया? म्या नुसती तळहाताला लावते."