ताजं पाणी

"कोळंब्या कशा आहेत?" कॅनडाहून सौमित्रचा दर रविवारचा फोन याच प्रश्नाने सुरू व्हायचा आणि बहुतेकदा तिथेच संपायचा.

आज कुमुदताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. लेकाने मागे ठेवलेली कोळंब्यांची काचेची टाकी कळकट दिसली म्हणून काल त्यांनी सगळं पाणी उपसून नळाचं ताजं पाणी भरलं होतं. आता तळाशी एका कोळंबीचं पांढरंफटक अंग पडलं होतं आणि बाकीच्या दिसेनाशा झाल्या होत्या.

"मारल्या रे मी!" त्यांनी रडतच मोबाइल टाकीसमोर धरला.

"अगं आई, ती नुसती कात आहे!" सौमित्र हसला. "पाणी एकदम बदललं की टाकतात. मग अंग मऊ असतं, म्हणून शेवाळात लपल्यात. पुन्हा मात्र थोडंथोडंच बदल, तेही रात्रभर भरून ठेवलेलं शिळं पाणी. नाहीतर खरंच मरतील." तो कितीतरी वेळ समजावत राहिला. मध्येच त्याने विचारलं, "तू जेवलीस का?"

पुढच्या रविवारी कोळंब्या मजेत हिंडत होत्या. "मस्त! ठेवतो गं," म्हणून त्याने फोन ठेवला.

कुमुदताई जरा वेळ टाकीसमोर बसून राहिल्या. मग उठल्या, टाकीतलं सगळं पाणी पुन्हा उपसलं आणि बादली नळाखाली लावली.