बदलीचा माळी

इमारतीच्या फाटकापासून जिन्यापर्यंत कुंतीचं कुंपण होतं. सेक्रेटरी साहेबांना ते टेबलासारखं सपाट लागायचं, म्हणून माळीकाका दर पंधरा दिवसांनी त्यावर कात्री चालवायचे. आणि वर साहेबांची बोलणीही खायचे.

"काका, शेजारच्यांची कुंती बघा कशी घमघमते! आपल्याकडे औषधालाही फूल नाही. तुमच्या हाताला गुणच नाही."

"साहेब, कात्रीखाली कळ्याही जातात हो," असं काकांनी सुरुवातीची काही वर्षं सांगून पाहिलं. मग तेही सोडून दिलं.

यंदा कंबरेनं दगा दिला आणि काका दोन महिने अंथरुणाला खिळले. आज पट्टा आवळून, कात्री काखोटीला मारून ते कामावर निघाले, तर रस्त्याच्या कोपऱ्यावरच वासानं गाठलं. अख्खं कुंपण पांढऱ्या फुलांनी लगडलं होतं.

साहेब फाटकातच उभे होते.

"काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अठरा वर्षांत तुम्हाला जमलं नाही, ते तुमच्या बदलीवर आलेल्या माणसानं दोन महिन्यांत करून दाखवलं. आम्ही आता त्यालाच कायम ठेवतोय. तेवढा त्याचा नंबर देऊन जा."

काकांनी कात्री खाली ठेवली आणि कंबर धरून ते तिथंच कठड्यावर टेकले.



"नंबर कुणाचा देऊ, साहेब? बदलीवर कुणी आलंच नव्हतं."