मागचं निळं

थांबव.

मोठीनं थांबवलं. पण नव्या रिमोटवर अजून हात बसला नव्हता. पडद्यावरची संन्यासिनींची रांग दोन पावलं पुढे सरकलीच.

"गेली ना! एक काम धड करशील तर शपथ," आई म्हणाली. तिच्या मांडीवर सुयांवरचा करडा स्वेटर होता. बाहीपर्यंत आला होता.

मागे.

धाकटी डोंगरावरच्या मठात गेली, तेव्हापासून आईला मठांच्या सिनेमांचं वेड लागलं. मौन पाळणारे भिक्षू, बर्फातून अनवाणी जाणारे धर्मप्रचारक, कुठलेही चालत. भाषा कळली नाही तरी चालत. पोरगी कशी उठत असेल, काय खात असेल, हे ती त्यातून शिकली. कारण मठात भेट नाही, फोन नाही. वर्षाला एक पार्सल तेवढं घेतात. "मठातल्या थोरल्या बाई कडक असतात, पण शेवटी त्यांनाही पाझर फुटतो," असं ती शेजारणींना सांगे, जणू सगळ्या तिच्या विहिणीच.

लाडका सिनेमा मात्र एकच. तो खरा होता, धाकटीच्याच मठात घेतलेला. त्यात धाकटी झाडू घेऊन येते, कॅमेरा बघून दचकते, हसते, जाते. संपलं.

आणि तिच्या डोक्यामागचं ते निळं.

जुन्या टीव्हीवर तो नुसता डाग होता. मध्ये पांढरट रेघा. आईनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, खिडकी. "आभाळ दिसतं पोरीला. ढगसुद्धा."

मोठीच्या खोलीला खिडकी नव्हती. ते कधी बोलण्यात आलं नाही.

पुढे.

आईला आंघोळ मोठी घालायची. औषधं मोठी. दर हिवाळ्याआधी लोकरीची लडी हातांवर धरून ताटकळायची, तीही मोठीच. एकदा म्हणाली, "यंदा एक मला विण."

आई हसली. "तुला दुकानातले मिळतात की गं. तिला कोण आहे?"

पार्सल आई स्वतः शिवायची. जाड कापड, पांढरा दोरा, दुहेरी टीप. वर फुशारकी, "माझा टाका हातानं उसवून दाखवा कुणीही."

थांबव.

आता बरोबर थांबलं. धाकटी अर्ध्या भिंतीएवढी हसत उभी राहिली. आईनं तिच्या गालावरचा तीळ पाहिला, पदरानं डोळे टिपले. मग नजर मागे गेली.

निळं कापड. एकावर एक रचलेली गाठोडी, पार तिच्या डोक्यापर्यंत. प्रत्येकावर पांढरी दुहेरी टीप. एकही टाका उसवलेला नाही.

सुया थांबल्या.

"ही खिडकी नाही."

"नाही."

"मग काय आहे?"

"टाके बघ, आई. ओळखशील."

आईनं ओळखले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे पोरगी इतकी वर्षं थंडीत घालते तरी काय गं?"

मोठीनं दात आवळले.

"अजून मोठं करता येतं," ती म्हणाली. आणि केलं.

टीव्ही घेतला त्या दिवशी दुकानदार पार वैतागला होता. "ताई, सगळ्यांवर सारखंच दिसतं हो!" मोठीनं ऐकलं नव्हतं. आई बसते तेवढ्याच अंतरावर खुर्ची मांडून घेतली होती, घरून नेलेला हाच सिनेमा एकेका टीव्हीवर लावायला लावला होता, याच जागी थांबवला होता. आणि ज्यावर टाके मोजता आले, तो घेतला होता.