जाळीच्या अलीकडचे ठसे

"वहिनी, कुंपण खुशाल घाला, पण आजींच्या वाटेवर फाटक ठेवा," जमीन मोजायला आलेला माणूस म्हणाला होता. मी ते हसण्यावारी नेलं. जागा आमची, नकाशा आमच्या बाजूने, बाळ रांगायला लागलेलं. आणि शेजारच्या आजींनी दिवसातून चार वेळा आमच्या अंगणातून रस्त्यावर जायचं?

"चाळीस वर्षांची वहिवाट आहे गं माझी," आजी म्हणाल्या.

"मागच्या गल्लीतून जा ना. थोडा वळसा पडेल, एवढंच."

"या गुडघ्यांनी? तुझे दे मग उसने."

मी उंच जाळी ठोकून घेतली. दुसऱ्याच दिवशी ओल्या मातीत चपलांचे ठसे होते, प्रत्येक पावलाशेजारी काठीचं गोल भोक. जाळीच्या बुडापासून सुरू होऊन ते थेट रस्त्यापर्यंत गेले होते. जाळीवर ओरखडाही नव्हता.

माझं डोकंच फिरलं. "आजी, वयाची तरी लाज बाळगा!" मी जाळीपाशी जाऊन ओरडले.

"मी खुर्चीतून उठतसुद्धा नाही," पलीकडून आवाज आला. "वाट बंद केलीस ना तू?"

मी रोज माती सारखी करायचे, रोज ठसे उमटायचे. आज ते रस्त्याकडे न जाता आमच्या मागच्या दाराकडे वळलेत.

हक्क माझाच आहे, हे मी अजूनही सांगते. पण आत फरशीवर काठी वाजतेय, आणि पाळण्यात बसलेलं बाळ माझ्याकडे पाठ करून, उचलून घ्या म्हणून हात वर करतंय. मागच्या गल्लीत कुणी राहत असाल, तर आजी त्यांच्या घरातच आहेत ना, एवढं बघून या.