हातांची जागा

खोपट नाक्यावरच्या आपल्या सायकलच्या दुकानात धाकूमामांनी तीन हँडलं आणि ब्रेकच्या चार जोड्या समोर मांडल्या, तरी आसावरीताईंचं काही ठरेना. अण्णांची, म्हणजे वडिलांची सायकल साठाव्या वर्षी पुन्हा चालवायची, तर हात अवघडायला नकोत.

"लहानपणी चालवलीत ना?" मामांनी विचारलं.

"अहो, याच सायकलवर तर वाढले मी!"

"मग झालं. सीटवर बसा, डोळे मिटा आणि तेव्हासारखे हात पुढे करा. हात थांबतील तिथे हँडल, बोटं पोचतील तिथे ब्रेक. चाळीस वर्षं असंच बसवतोय."

हँडल काढलेल्या त्या सायकलवर आसावरीताई चढून बसल्या. डोळे मिटले. हात आपसूक पुढे गेले आणि अगदी मधोमध, एकमेकांना चिकटून थांबले. मुठी घट्ट आवळलेल्या. ब्रेक शोधायला एक बोटही हललं नाही.

मामांनी वाकून त्या मुठी नीट पाहिल्या.

"ताई," ते हळूच म्हणाले, "ही सायकल तुम्ही कधी चालवलेलीच नाय. तुम्ही पुढे दांडीवर बसायचात."

आसावरीताईंना डोळे उघडवेनात. चढ लागला होता, आणि टाळूवर अण्णांचा श्वास जाणवत होता.