माझ्यामागे कोणी नाही

घाटातल्या सायकलींच्या रांगेचा नियम एकच. पुढच्याला खड्डा दिसला की त्याने हात खाली करून ‘खड्डा’ ओरडायचं आणि प्रत्येकाने ते आपल्या मागच्याला सांगायचं. मी सगळ्यांत शेवटी होतो. माझ्यामागे नुसता घाट आणि सोनकीची पिवळी फुलं. तरी मी दर वेळी ओरडत होतो.

“काका, तुमच्यामागे कोणी नाहीये,” पुढची मुलगी वळून म्हणाली.

ते मला काय ठाऊक नव्हतं? पण बायकोची नजर गेल्यावर तिचा हात धरून मी वर्षानुवर्षं हेच सांगत चाललो. खड्डा. दगड. पायरी. ती दर वेळी ‘हो’ म्हणायची, जरा वैतागूनच. चैत्रात ती गेली. ही सायकलफेरी डोळ्यांच्या दवाखान्याच्या मदतीसाठी होती, म्हणून नाव दिलं. नाहीतर या वयात घाट चढायची हौस कोणाला?

पुढचा खड्डा आला आणि माझ्या तोंडून निघालं, “पायरी.”

मुलीने सायकल कडेला घेतली. रस्त्यात पायरी कुठली, असं विचारेल वाटलं. तिने विचारलं नाही. मला पुढे जाऊ दिलं आणि म्हणाली, “मी मागून येते. तुम्ही सांगत राहा.”

खिंडीनंतरचा रस्ता नवाकोरा होता, एकही खड्डा नव्हता. मी बराच वेळ नुसतं पॅडल मारत होतो. मग हात खाली केला आणि हळूच म्हणालो, “पायरी.”

मागून आवाज आला, “हो.”

मी वळून पाहिलं नाही.