चाखणाऱ्याचं नाव

दत्तात्रेयनं पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि त्याला कशाचाही वास आला नाही.

समोर आप्पा मांडी घालून बसले होते. संगमेश्वराजवळच्या त्या गावात त्यांच्या घरची जांभळाची वाईन नावाजलेली होती, रीतसर परवाना काढून केलेली. मुंबईची कंपनी यंदा एकाच घरची वाईन बाटलीत भरणार होती, आणि कोणाची ते दत्तात्रेयच्या जिभेवर ठरणार होतं. बारा वर्षं तो कंपनीचा चाखणारा होता. मार्चात ताप आला, जाताना नाक घेऊन गेला, आणि नाकामागोमाग चवही गेली. ऑफिसात हे कळलं असतं तर नोकरीही त्याच वाटेनं गेली असती.

घरात मात्र पहिल्याच दिवशी कळलं. करपलेलं पिठलं त्यानं "झकास" म्हणून दुसऱ्यांदा मागितलं, तेव्हा मालिनीनं कपाळाला हात लावला. मग तोडही तिनंच काढली. दौऱ्यावर तीही जाणार. शेजारणींना सांगितलं, सहलीला चाललोय.

आणि सहल झालीही. रत्नागिरीत चार दिवस तिनं आमरसात बुडवून घावन खाल्ले, फणसाची सांदणं खाल्ली, मिरकरवाड्याला नुकतीच उतरलेली सुरमई तळून घेतली. नवरा समोर बसून सगळं एकाच चेहऱ्यानं गिळत होता. तिला त्याची कीव यायची, पण म्हणून ती दुसरी तुकडी सोडत नव्हती. दुपारी काम. आसपासच्या गावांत वाईन करणाऱ्या दोन घरी ती त्याच्याशेजारी बसली, पदराआड एकेक घोट घेतला आणि परत येताना रिक्षात निकाल दिला. पहिली वाईन म्हणजे गूळ घालायचा राहिलेलं पन्हं. दुसरी म्हणजे लोणच्याची बरणी विसळलेलं पाणी. दत्तात्रेयनं ते ऑफिसच्या भाषेत उतरवलं. आयुष्यात कधी या वाटेला न गेलेल्या बाईची जीभ आपल्यापेक्षा चोख निघाली, हे त्याला मनातून कबूल होतं.

पण आप्पांच्या खळ्यात पाऊल टाकलं न टाकलं तोच त्यांची बायको गंगुबाई पुढे आली. "पयल्यांदा आलेली सवाशीण. ओटी भरल्याबिगर कशी सोडीन?" म्हणत तिनं मालिनीचा हात धरला आणि तिला माजघरात नेलं. वाईनच्या गोष्टी पुरुषांनी पडवीत बसून करायच्या, बायकांनी आत बसायचं. मालिनीनं दारातून एकदा मागे वळून पाहिलं. दत्तात्रेय एकटा पडला.

"कशी हाय, सायब?" आप्पांनी विचारलं.

त्यानं घोट जिभेवर घोळवला. विहिरीचं पाणी असतं तरी फरक पडला नसता. बारा वर्षांची सवय मदतीला धावली.

"खोली आहे हिला," तो म्हणाला.

"व्हय. खोल तर हायच."

"आणि शेवटाला लाकडाचा स्वाद येतो. पिंपाचा."

"येतो ना. लाकूड येतंच."

दत्तात्रेयनं डोळे उघडले. समोरच्या भिंतीला काचेच्या बरण्या ओळीनं मांडल्या होत्या. घरात पिंप नव्हतंच. या वाईनला लाकूड कधी शिवलंच नव्हतं.

बिचारे आपलं मन राखायला हो म्हणतायत, असं त्याला वाटलं आणि स्वतःची लाज वाटली. यंदा आंब्याचं पीक गेलं होतं. या माणसाचं सगळं वर्ष या बरण्यांवर होतं, आणि आपण तोंडाला येईल ते बोलत होतो. त्यानं पेला खाली ठेवला.

"आप्पा, मी खोटं बोललो. मला चव कळत नाही. दोन महिने झाले."

आप्पा मांडीवर थाप मारून असे हसले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "मंग माजा पन आयका. मी तरी कुटं चाखलीय? बापूस दारूपायी गेला, तवा देवीपुढं नारळ ठेवला. थेंबाला शिवलो न्हाय. करते ती ही, चाखते ती ही. मी निस्ता हितं बसून व्हय व्हय करतोय."

आतून दोन बायकांचं हसू ऐकू आलं. दोघे पुरुष माजघरात डोकावले. ओटी केव्हाच भरून झाली होती. पाटांवर दोघी समोरासमोर, मधे पाच बरण्या, आणि मालिनीची जीभ जांभळी.

"अहो, ही कडेची घ्यायची," ती म्हणाली. "आणि कंपनीला सांगा, वरून साखर ओतायची नाही. मी गंगुबाईंना शब्द दिलाय."

दुसऱ्या दिवशी लॉजवर दत्तात्रेय अहवाल लिहायला बसला. 'चाखणार' या शब्दापुढे बारा वर्षं त्याचंच नाव असे. या वेळी पेन तिथं अडलं. बराच वेळ बसून त्यानं लिहिलं, सौ. मालिनी. खाली आपल्या नाकाची हकीकतही लिहिली, काही न लपवता. अहवाल आणि कडेच्या बरणीतून भरलेली एक बाटली एस.टी.नं मुंबईला गेली. रजा शिल्लक होती, म्हणून दोघं उत्तराची वाट बघत राहिले. त्याची झोप उडाली. "नोकरी गेली तर खानावळ काढू," मालिनी म्हणाली. "रांधीन मी, तुम्ही वाढा. चाखायचं मात्र नाही."

सहाव्या दिवशी तार आली. दत्तात्रेयला ती उघडवेना, म्हणून मालिनीनं उघडून मोठ्यानं वाचली.

"वाईन पसंत. पुढच्या दौऱ्यावर मालिनीबाईंना पाठवा. तुम्ही सोबत गेलात तरी हरकत नाही."